विश्लेषण : यजमान जुना, पाहुणा नवा... सर्व्हरचा हा बिघाड तारीख सांगून कसा येतो?

फोन चार-पाच वर्षांचा झाला, की एक दिवस एखादे नवे ॲप त्यावर उतरतच नाही. ‘हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही’ असा संदेश येतो. फोन बिघडलेला नसतो आणि ॲपही. ॲपला हवी असलेली अँड्रॉइडची आवृत्ती त्या फोनवर नसते, एवढेच. पोर्टल, बँका आणि विद्यापीठांची कामे चालवणाऱ्या सर्व्हरवरही असाच पेच उद्भवतो. तेथे त्याला यजमान आणि पाहुणा, म्हणजेच होस्ट आणि गेस्ट, यांच्या आवृत्त्यांची सुसंगतता म्हणतात.

फरक परिणामात आहे. फोनवर एकाचेच काम अडते. सर्व्हर अडला, तर राजूरला दाखल्यासाठी आलेली आई आणि नागपुरात अर्ज भरत बसलेला विद्यार्थी एकाच वेळी अडतात. प्रत्येक ‘सर्व्हर डाऊन’मागे हेच कारण असते, असे नाही. वीज जाते, केबल तुटते, शेवटच्या दिवशी गर्दी उसळते. पण आवृत्त्या न जुळण्याचा बिघाड या सगळ्यांहून वेगळा आहे. तो कधी येणार, हे बहुतेक वेळा काही वर्षे आधी कळलेले असते. म्हणून तो अपघात नव्हे, नियोजनातील चूक आहे आणि त्याची जबाबदारी निश्चित करता येते.

यजमान कोण, पाहुणा कोण?

एका मोठ्या संगणकावर एकच काम चालवले, तर त्याची बरीचशी ताकद वाया जाते. म्हणून त्याच यंत्रावर अनेक स्वतंत्र संगणक असल्यासारखी व्यवस्था केली जाते. हेच व्हर्च्युअलायझेशन. खालचे खरे यंत्र आणि त्यावरील मूळ प्रणाली हा यजमान, तर त्याच्या आधाराने चालणारी प्रत्येक प्रणाली हा पाहुणा. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली आणून एकाच मोठ्या संगणकावर अनेक आभासी संगणक चालवण्याची सोय केली होती. आजचे क्लाउड याच पायावर उभे आहे. केंद्र सरकारचा ‘मेघराज’ हा क्लाउड उपक्रम २०१४ पासून सुरू आहे आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या राष्ट्रीय डेटा सेंटरपैकी एक पुण्यात आहे.

व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर यांत फरक काय?

पाहुण्यांचे दोन प्रकार आहेत आणि सगळी गोम या फरकातच आहे. व्हर्च्युअल मशीन हा पाहुणा स्वतःची पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम घेऊन येतो. तिचे कर्नेलही त्याचे स्वतःचे असते. कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क आणि प्रोसेसर यांचा वापर कोणी, कधी, किती करायचा हे तो ठरवतो. यजमान या पाहुण्याला फक्त आभासी यंत्रसामग्री पुरवतो. म्हणूनच लिनक्स यजमानावर विंडोज चालते आणि विंडोजवर लिनक्स.

कंटेनर हा दुसरा प्रकार. त्याच्याकडे स्वतःच्या फाइल, लायब्ररी आणि सेटिंग असतात, पण कर्नेल नसते. ते यजमानाचेच वापरले जाते. याला ऑपरेटिंग सिस्टीमच्या पातळीवरचे व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. वाड्यातील भाडेकरूंसारखे हे आहे. प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळे, पण आड सगळ्यांचा एकच. व्हर्च्युअल मशीन मात्र त्याच आवारात बांधलेले, स्वतःचा नळ असलेले वेगळे घर.

एकच कर्नेल असल्याने कंटेनर हलका असतो आणि काही सेकंदांत सुरू होतो. फ्रीबीएसडीमध्ये २००० साली ‘जेल’ या नावाने ही सोय आली, सोलारिस १० मध्ये २००५ साली ‘झोन’ म्हणून आली आणि लिनक्सवर २००८ पासून एलएक्ससीच्या रूपाने आली. मार्च २०१३ मध्ये डॉकर आले आणि कंटेनर घरोघरी पोहोचले. ‘एकदा बांधा, कुठेही चालवा’ ही त्याची ख्याती झाली. ही ख्याती अर्धीच खरी आहे. पाहुण्याने सगळे सामान बरोबर आणले तरी आड तो बरोबर आणत नाही.

नवा पाहुणा जुन्या यजमानाकडे का अडतो?

लिनक्सवरील जवळपास प्रत्येक प्रोग्राम कर्नेलशी थेट बोलत नाही. मध्ये जीलिबसी नावाची लायब्ररी असते. ती कंटेनरच्या आत, म्हणजे पाहुण्याच्या सामानात असते. २०१७ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२६ ने किमान लिनक्स ३.२ कर्नेलची अट घातली. सेंटओएस ६ चे कर्नेल मात्र २.६.३२ होते. अशा यजमानावर नवा कंटेनर नेला, की प्रोग्राम सुरू होण्याआधीच ‘कर्नेल फार जुने आहे’ असा संदेश देऊन थांबतो. त्या कंटेनरमध्ये एकही चूक नसते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जीलिबसी २.३४ आली. नवी प्रक्रिया सुरू करण्यासाठी ती ‘क्लोन३’ ही नवी विनंती करू लागली. यजमानाने ‘अशी सोय येथे नाही’ असे उत्तर दिले असते, तर तिने निमूटपणे जुना मार्ग धरला असता. पण तेव्हाच्या डॉकरमधील सुरक्षेच्या यादीत ही विनंती नव्हती. यादीबाहेरच्या प्रत्येक गोष्टीला ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळत होते. लायब्ररीला वाटले, आपल्याला मज्जाव आहे. ती जागीच थांबली. ऑक्टोबर २०२१ मधील डॉकर २०.१०.१० ने हा दोष दूर केला. म्हणजे कर्नेल पुरेसे नवे असूनही दारावरचा पहारेकरी जुना असला, तर पाहुणा बाहेरच राहतो. आवृत्ती जुळवताना कर्नेल, कंटेनर चालवणारे इंजिन आणि कंटेनरमधील लायब्ररी या तिन्हींकडे पाहावे लागते.

जुना पाहुणा नव्या यजमानाकडे तरी सुखी असतो का?

बहुतांशी हो. लिनक्स कर्नेलचा एक कडक नियम आहे : कर्नेलमधील बदलामुळे आधी चालणारा प्रोग्राम बंद पडता कामा नये. लिनस टोरव्हाल्ड्स या नियमाबाबत तडजोड करत नाहीत, हे सर्वश्रुत आहे. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा कंटेनर आजच्या यजमानावर चालण्याची शक्यता चांगली असते.

पण या नियमालाही कडा आहेत. सेंटओएस ६ च्या काळातील लायब्ररी वेळ विचारण्यासाठी ‘व्हीसिसकॉल’ ही जुनी सोय वापरत असे. पुढे काही लिनक्स वितरणांनी सुरक्षेसाठी ती बंद ठेवली. तेथे जुना कंटेनर कोणताही धड संदेश न देता कोसळतो. कर्नेल सुरू करताना एक पर्याय देऊन ती सोय परत चालू करता येते, पण मुळात दोष तिथे आहे हे कळायलाच वेळ जातो. दुसरी कड सी-ग्रुपची. कोणत्या कंटेनरला किती मेमरी आणि प्रोसेसर द्यायचा, याचा हिशेब कर्नेल सी-ग्रुपमधून ठेवते. त्याची दुसरी आवृत्ती फेडोरा ३१ ने २०१९ मध्ये, डेबियन ११ ने २०२१ मध्ये आणि रेड हॅट ९ ने २०२२ मध्ये मूळ पर्याय म्हणून स्वीकारली. सेंटओएस ७ मधील सिस्टिमडीला ही नवी पद्धत समजत नाही. ज्या कंटेनरमध्ये ती सिस्टिमडी चालवावी लागते, तो अशा यजमानावर सुरूच होत नाही.

विंडोजची गोष्ट वेगळी का?

विंडोजमध्ये कर्नेल आणि त्यावरील लायब्ररी एकमेकांशी घट्ट बांधलेल्या असतात. त्यामुळे विंडोज सर्व्हर २०१६ साठी बांधलेला कंटेनर २०१९ च्या यजमानावर थेट चालत नाही. यजमान आणि पाहुणा यांचे बिल्ड जुळावे लागते. २०१६ चे बिल्ड १४३९३ आहे, तर २०१९ चे १७७६३. जुना कंटेनर चालवायचाच असेल, तर त्याला हायपर-व्हीच्या आडोशाने छोटे स्वतंत्र कर्नेल द्यावे लागते. म्हणजे भाडेकरूला वेगळा नळ जोडून देण्यासारखेच. त्यात मेमरी जास्त लागते. नंतरच्या आवृत्त्यांत ही अट काहीशी सैल झाली, तरी यजमान बदलला की कंटेनर नव्याने बांधण्याची तयारी ठेवणे हेच शहाणपणाचे.

मराठी छपाईने यातून काय शिकवले?

हा प्रश्न फक्त डेटा सेंटरचा नाही. महाराष्ट्रातील छापखाने आणि डीटीपी केंद्रांनी तो वेगळ्या रूपात अनुभवला आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये टाइप होत असे आणि पाने पेजमेकरमध्ये लागत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. त्या फॉन्टमधील अक्षरे त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या क्रमांकांनी साठवलेली असत. फॉन्ट नसलेल्या नव्या संगणकावर ती फाइल उघडली, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. जुने ग्रंथ, स्मरणिका, शाळांची पत्रके अशी अडकून पडतात.

अशा वेळी जुना संगणक जपण्यापेक्षा जुनी प्रणालीच व्हर्च्युअल मशीनमध्ये पाहुणी म्हणून ठेवणे उत्तम. मायक्रोसॉफ्टनेही २००९ मध्ये विंडोज ७ सोबत ‘एक्सपी मोड’ दिला होता, तो याच हेतूने. पण येथेही दोन धडे आहेत. विंडोज ८ मध्ये ती सोय पुढे आली नाही आणि ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीला मिळणारे सुरक्षा अद्यतन थांबले. यजमान बदलला, की पाहुण्याची सोय पुन्हा पाहावी लागते आणि ज्याला सुरक्षा अद्यतन मिळत नाही, अशा पाहुण्याला इंटरनेटपासून दूर ठेवावे लागते.

उलट दिशेनेही असेच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चीप लागते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आभासी टीपीएम आली ती ऑक्टोबर २०२२ मधील ७.० आवृत्तीत. त्याआधीच्या आवृत्तीवर विंडोज ११ हा पाहुणा आडवाटेनेच आत आणावा लागे. स्वतःचे कर्नेल असलेला पाहुणाही यजमानापासून पूर्ण स्वतंत्र नसतो. त्याची बंधने कमी असतात, इतकेच.

राजूरचा यात संबंध काय?

अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यासाठी राजूर ही बाजारपेठ आहे आणि कचेरीचे गावही. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथेच आहे. भंडारदऱ्याच्या पाणलोटातील रतनवाडी, साम्रद, घाटघरकडच्या माणसाला ऑनलाइन कामासाठी चांगले नेटवर्क आणि छापील प्रत मिळण्याचे ठिकाण बहुधा हेच किंवा अकोले. दाखला, शिष्यवृत्ती, वसतिगृहाचा अर्ज, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ही सगळी कामे आता कोठल्या तरी सर्व्हरवर होतात.

ही कामे वर्षभर सारखी नसतात. प्रवेशाची धांदल जून-जुलैत असते आणि भाताची आवणीही त्याच दिवसांत. पाऊस धो धो पडत असतो. चिखलातले काम सोडून, एक मजुरी बुडवून माणूस राजूरला येतो आणि खिडकीवर ऐकतो, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ त्याच्या हिशेबात हे दोन दिवस, दोन्हीकडचे भाडे आणि कदाचित हुकलेली मुदत. डेटा सेंटरच्या हिशेबात मात्र काही तासांचा खंड. म्हणूनच आवृत्त्यांची सुसंगतता ही तंत्रज्ञांची अंतर्गत बाब आहे, असे म्हणून सोडून देता येत नाही.

‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे चूक कसे?

यंत्रणा सांभाळणाऱ्यांचा हा आवडता मंत्र आहे आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. चालती यंत्रणा अकारण बदलणे धोक्याचे असते. मनुष्यबळ कमी असते, चाचणीसाठी वेगळा सर्व्हर नसतो आणि बदल फसला तर दोष बदल करणाऱ्यावर येतो. न बदलल्याबद्दल मात्र कोणी जाब विचारत नाही.

पण यजमान गोठवून ठेवण्याची किंमत आज दिसत नाही, ती साचत जाते. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज सर्व्हर २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७ आहे. या तारखा गुप्त नाहीत, बनवणाऱ्यांनी स्वतः जाहीर केलेल्या आहेत. तारीख उलटून गेलेल्या यजमानावर सुरक्षेची छिद्रे बुजवली जात नाहीत. कंटेनरच्या बाबतीत हा धोका अधिक आहे, कारण कर्नेल एकच असते. त्यातील एक छिद्र सगळ्याच पाहुण्यांना धोक्यात आणते.

शिवाय गोठवलेला यजमान पाहुण्यांनाही गोठवतो. नवा कंटेनर त्यावर चालत नाही, म्हणून ॲप्लिकेशन जुने ठेवावे लागते. ॲप्लिकेशन जुने, म्हणून यजमान बदलता येत नाही. दोघे एकमेकांकडे बोट दाखवत राहतात. मग एक दिवस हार्डवेअर जळते, नव्या यंत्रावर जुनी प्रणाली बसत नाही आणि जे काम दोन वर्षांत सावकाश झाले असते, ते दोन रात्रींत उरकावे लागते.

तारखा नेहमीच भरवशाच्या नसतात, हाही आक्षेप योग्य आहे. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळणे अपेक्षित होते. डिसेंबर २०२० मध्ये निर्णय बदलला आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी तो संपला. अनेकांची गणिते कोलमडली. तरीही वर्षभराची सूचना मिळाली होती. ज्यांच्याकडे आपल्या यजमान-पाहुण्यांची यादी तयार होती, त्यांना ते वर्ष कामी आले. ज्यांनी यादी करण्यापासूनच सुरुवात केली, त्यांचा पहिला काळ शोधाशोधीतच गेला.

मग काय करायला हवे?

पहिली गोष्ट, नोंद. प्रत्येक सार्वजनिक यंत्रणेसाठी यजमान, कर्नेल, कंटेनर इंजिन आणि पाहुणा यांच्या आवृत्त्या आणि त्यांच्या मुदती एका वहीत हव्यात. ही यादी लोकांसमोर मांडण्याची गरज नाही, त्याने हल्लेखोरांचीच सोय होईल. पण ती लेखापरीक्षणात तपासली गेली पाहिजे.

दुसरी, क्रम. लिनक्सवर आधी यजमान नवा करावा, मग पाहुणे. जुना पाहुणा नव्या यजमानाकडे बहुधा निभावतो, उलटे निभावत नाही. विंडोजवर दोघांचे नियोजन एकत्र करावे. दोन्ही बाबतींत बदल आधी चाचणीच्या सर्व्हरवर करून पाहावा.

तिसरी, जुन्यासाठी वेगळे घर. जे ॲप्लिकेशन बदलताच येत नाही, ते कंटेनरमध्ये कोंबण्यापेक्षा स्वतःचे कर्नेल असलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवावे आणि तेथेही त्याचा शेवटचा दिवस ठरवून द्यावा. सन मायक्रोसिस्टिम्सने सोलारिस १० वर सोलारिस ८ आणि ९ साठी खास झोन दिले होते, तेही स्थलांतराला उसंत मिळावी म्हणून. कायमच्या मुक्कामासाठी नव्हे.

चौथी, करार. देखभालीच्या कंत्राटात यंत्रणा ‘चालू ठेवणे’ लिहिलेले असते. त्यात आवृत्ती वेळेत बदलणेही लिहिले पाहिजे. जे काम करारात नाही, ते कोणाचेच नसते.

पाचवी आणि राजूरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, दिनदर्शिका. यजमान बदलण्याचे काम जून-जुलैत नको. ते केव्हा होणार, हे मराठीत, आठवडाभर आधी, ज्या फोनवर ओटीपी येतो त्याच फोनवर कळवावे. त्या दिवसांत अर्ज अडले, तर मुदत तेवढ्याच दिवसांनी आपोआप वाढावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्येच आला. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा त्या कायद्याने दिलेला हक्क आहे. सर्व्हर बंद होता म्हणून अर्जच दाखल झाला नाही, तर मुदतीचे घड्याळ सुरूच होत नाही. ही पळवाट बंद व्हायला हवी. खिडकीवर आलेल्या माणसाला त्या दिवसाची नोंद आणि पोच मिळाली, तर ती बंद होईल.

विद्यार्थ्यांसाठी यात काय?

राजूर, अकोले, संगमनेर येथे संगणक शिकणाऱ्या मुलांनी जुन्या लॅपटॉपवर कंटेनर चालला नाही म्हणून खट्टू होऊ नये. आधी यजमानाचे कर्नेल पाहावे, मग इंजिनची आवृत्ती, मग कंटेनरमधील लायब्ररी. प्रोसेसरही पाहावा, कारण इंटेल किंवा एएमडीसाठी बांधलेला कंटेनर आर्म प्रोसेसरवर जसाच्या तसा चालत नाही. चुकीचा संदेश नीट वाचण्याची ही सवय नोकरीत कामी येते. पुढे याच मुलांपैकी कोणाच्या तरी हातात एखाद्या पोर्टलची देखभाल येईल. यजमानाची मुदत संपण्याआधी वर्षभर तिने किंवा त्याने वरिष्ठांपुढे तारीख ठेवली आणि वरिष्ठांनी ती ऐकली, तर घाटघरहून आवणी टाकून आलेल्या माणसाची एक खेप वाचेल.